आतून हिरवं

१२ फेब्रुवारी, सकाळ

बारक्या,

डबा उघडू नकोस. आला असेल तर होता तसा बाजूला ठेव. उघडला असशील तर झाकण लाव आणि साबणानं हात धू, मनगटापर्यंत. खाल्लं असशील तर हे वाचायला तू बसलेला नसशील, तेव्हा त्याबद्दल मी काय लिहू.

अक्षराकडे बघू नकोस, घाईत लिहितेय. परवा आईनं बिस्किटं भाजली. संध्याकाळी गार झाल्यावर मी नेहमीसारखी डब्यात भरली, झाकणाला पट्टी लावली आणि काल पार्सलच्या खिडकीवर देऊन आले. डब्यात न मावलेली दोन बशीत राहिली होती. आज सकाळी चहाबरोबर त्यातलं एक मोडलं, तर आत पांढरं. दुसरं मोडलं. तेही पांढरं.

तुला हे नव्यानं सांगायला नको, पण कागदावर उतरवल्याशिवाय माझा मलाच विश्वास बसणार नाही. आई बदामाच्या पुडीऐवजी सूर्यफुलाच्या बियांची पूड घालते. त्या पुडीला खायचा सोडा लागला की बिस्कीट आतून हिरवं पडतं. भट्टीतून काढल्यावर लगेच दिसत नाही, रात्रभरात चढतं. शाळेत पोरं तुला शेवाळ्या म्हणायची, त्यावरून तू एकाचा दात पाडला होतास. आपल्या घरात हिरवं म्हणजे बिनाचं. कुणी विचारलं, कशाबिनाचं, तर आपण दोघं हसायचो. ‘बिनाचं’ म्हणजे बिनाचं, त्यात काय विचारायचं. बदाम, अक्रोड, काजू यांची नावंसुद्धा आई तोंडानं घ्यायची नाही, जसं काही नाव ऐकूनच तुला पुरळ उठेल.

तेव्हा पांढरं म्हणजे काय, ते तुला समजलं. मी एक तुकडा जिभेवर ठेवून बघितला. बदाम आहे. नुसता वास नाही, चांगला मूठमूठ बदाम आहे.

तुला फोन लावला, तर तू माझा नंबर अजून बंदच करून ठेवलायस. दाजींच्या फोनवरून लावला, त्यांनाही तेच. तुझ्या लिफ्ट कंपनीत लावला, तर तिथला माणूस म्हणाला, ते बाहेरगावी नवीन इस्पितळात लिफ्ट बसवायला गेलेत, तिथं तळघरात फोन लागत नाही. निरोप द्या म्हटलं, तर म्हणाला, सांगतो. हे ‘सांगतो’ मी ओळखते. तिसऱ्यांदा लावला तेव्हा त्यानं, बाई तुम्ही शांत व्हा, असं मला सांगितलं. मी शांत व्हायची ती काय वेळ होती?

डबा साध्या पार्सलनं गेलाय, हे पत्र जलद डाकेनं जातंय. देव करो आणि त्यांच्या जलदचा अर्थ जलद असो. जगात तू प्रत्येक गोष्ट पाकीट उलटंसुलटं करून, वाचून, हुंगून खातोस. न बघता तोंडात टाकतोस ते फक्त आईच्या हातचं. मी घाबरलेय ती त्यानंच.

ताई


१३ फेब्रुवारी, दुपार

बारक्या,

काल मी आधी दाजींवर घसरले. घरात बदाम आणायची छाती दुसऱ्या कुणाची असणार, असं मला वाटलं. दुकानात जाऊन गिऱ्हाइकासमोर त्यांचे खिसे उलटे केले. बिचारे चष्म्याची काडी हातात धरून उभे. खिशात काही नव्हतं, पण तोंडात होतं. म्हणजे बदाम नाही, उत्तर होतं. म्हणाले, "हल्ली बिस्किटं छान होतात, मला वाटलं आईंचा हात बसला."

हल्ली म्हणजे कधीपासून? तर म्हणे, बरेच महिने झाले. आणि आत पांढरं दिसत नव्हतं का? "मी चहात बुडवून खातो, आत कोण बघतंय." हा माणूस जन्मभर लोकांना चष्मे विकतोय.

म्हणजे ही एकाच डब्याची गोष्ट नाही. मागचे डबेही तसेच गेलेत. मागचा आणि त्याच्या मागचा. मग तू आहेस कसा? तू आहेस ना? हे लिहिताना मी एकदा उठून पाणी पिऊन आले.

मी कसं बघितलं नाही, असं तू विचारशील. मला ती बिस्किटं कधीच आवडली नाहीत. आता सांगायला हरकत नाही. कडवट लागतात, मागून जिभेवर माती आल्यासारखं वाटतं. मी भरते, बांधते, पाठवते, खात नाही. या वेळची दोन राहिली म्हणून, आणि पाव आणायचा विसरला होता म्हणून, मोडलं.

मग कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. म्हातारा दुकानदार गेल्यापासून तिथं त्याची सून बसते. म्हाताऱ्यानं आपल्या घरात एक अक्रोड जाऊ दिला नसता, आई बियांची पिशवी घ्यायला गेली की तो आधी तराजू पुसायचा. सुनेला यातलं काय माहीत असणार. मी विचारलं, आमच्या आई इथून बदाम नेतात का? ती हसून म्हणाली, "नेतात की, नेहमी नेतात. साल काढलेले लागतात त्यांना. मुलीला आवडतात म्हणाल्या."

मी म्हटलं, आणि मुलाबद्दल काही बोलल्या?

ती म्हणाली, "मुलगा कुठला? मला एकच मुलगी आहे, असं सांगत होत्या."

दुकानात मी काय बोलले, पैसे दिले का, काही घेतलं का, मला आठवत नाही. घरी आले तेव्हा हातात काडेपेटी होती.

आई भाजी निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि आवाज शक्य तेवढा साधा ठेवून विचारलं, आई, तू बिस्किटांत बदाम का घालतेस? ती म्हणाली, "मग काय घालू? तुला आवडतात ना." मी म्हटलं, बारक्याला चालत नाहीत. तिनं देठ मोडला, बाजूला टाकला, पुढची काडी घेतली.

"कोण बारक्या?" म्हणाली.

चेहऱ्यावर राग नाही, टोमणा नाही. पत्ता विचारायला आलेल्या माणसाशी बोलावं तशी. मग म्हणाली, "बाबा आले की विचार त्यांना, त्यांच्या कामावरचा असेल कोणी." बाबांना जाऊन किती वर्षं झाली ते तुला माहीत आहे.

गेले काही महिने तिच्या हातून गॅस चालू राहायचा. माझ्या शाळेची वेळ झाली म्हणून मला हलवून उठवायची. मी म्हणायचे, वय झालं, चालायचंच. आणि तुझं नाव ती घेत नव्हती, त्याचं मला नवल वाटलं नाही, कारण घरात कुणीच घेत नव्हतं. तू दार आपटून गेलास, त्या दिवसापासून न ठरवता तसं ठरलं होतं. मी म्हणायचे, आई, डब्याचे दिवस आले, की ती पीठ काढायची. कुणासाठी, हे तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मला वाटत होतं, ती अजून रागावली आहे. ती विसरली होती, बारक्या. आम्ही दोघी एकाच गप्पपणात बसलो होतो आणि तिचा वेगळा होता.

उत्तर पाठव. एक ओळ पाठव. शिवी पाठवलीस तरी चालेल.

ताई


१५ फेब्रुवारी, संध्याकाळ

अरे शहाण्या,

आता मी तुझ्याशी कोणत्या तोंडानं बोलू, ते मला समजत नाहीये. तीन दिवस माझा जीव टांगणीला लागला होता. दाजी म्हणत होते, आपण उठून जाऊ या त्याच्या गावी. मी बॅग भरायला घेतली होती. तेवढ्यात तुझ्या कंपनीतल्या त्या ‘सांगतो’ला माझी कीव आली आणि त्यानं तुझ्या घरमालकिणीचा नंबर दिला.

बाई चांगल्या आहेत. मी रडतच सुरुवात केली. म्हटलं, त्यांच्या नावाचा एक डबा येईल, कृपा करून त्यांच्या हातात देऊ नका, त्यात विष आहे. विष हा शब्द तोंडातून गेला. त्या घाबरल्या, मग म्हणाल्या, "तो पत्र्याचा का? तो आजच आलाय. बाकीच्यांबरोबर कपाटावर ठेवलाय."

बाकीचे कुठले, मी विचारलं.

"ते दर दोन-तीन महिन्यांनी येतात ते. त्यांनी सांगून ठेवलंय, आला की कपाटावर ठेवा. उघडत नाहीत ते. पट्टी तशीच आहे सगळ्यांना. मी मागं एकदा विचारलं होतं, मुंग्या लागतील म्हणून, तर म्हणाले, लागू देत."

मी फोन ठेवला आणि जमिनीवर बसले. जीव भांड्यात पडला, आणि भांडं तुझ्या डोक्यात घालावंसं वाटलं. दोन्ही एकदम.

तीन वर्षं. आईनं बिया भाजल्या, कुटल्या, चाळल्या. मी ते डबे छातीशी धरून रांगेत उभी राहिले. तुझ्यापर्यंत आईचं निदान एवढं तरी पोचतंय, या एका गोष्टीवर मी रात्री शांत झोपायचे. आणि तू एकाचीही पट्टी काढली नाहीस. किती राग धरावा माणसानं? एका केकवरून?

केकचं मलाही आठवतंय, मी काही आंधळी नाही. तू तुझ्या मैत्रिणीला पहिल्यांदा घरी घेऊन आलास. ती पोर तुझ्यासाठी सहा बेकऱ्या हिंडली होती, प्रत्येक ठिकाणी भांडी कुठली वापरता इथपासून विचारून तिनं तो केक आणला होता. आणि आईनं तो तिच्यासमोर कचऱ्याच्या डब्यात टाकला. "बाहेरचं ते बाहेरचं." त्या पोरीचा चेहरा मला अजून दिसतो. तू म्हणालास, या घरात मी माणूस नाही, मी एक पथ्य आहे. बोललास ते लागलं, कारण थोडं खरं होतं. मला बदाम शेवटचे मिळाले ते नऊ वर्षांची असताना. दीड वर्षाचा तू, एका तुकड्यानं ओठ सुजले, श्वास घरघरायला लागला, बाबा तुला उचलून अनवाणी धावले. त्या संध्याकाळपासून घराची चवच बदलली, आणि मला कुणी विचारलं नाही.

म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. पहिल्या पत्रात तुकडा जिभेवर ठेवला असं मी लिहिलं होतं ना, ते अर्धंच होतं. मी ते बिस्कीट पूर्ण खाल्लं. मग दुसरंही खाल्लं. तू तिकडे जगतोस की मरतोस याचा पत्ता नव्हता, आणि तरी मी उभ्या उभ्या दुसरं खाल्लं. ती चव मी ओळखली. शाळेतून आल्यावरची होती. आई आता ज्या वर्षात राहते ना, तिथं मी एकटीच आहे आणि माझे लाड चाललेत. मला लाज वाटते, पण ते गोड होतं.

असो. तुझ्या रागानं तुला वाचवलं. तो राग माझ्या कपाळी यावा आणि त्याचेच आभार मानायची वेळही माझ्यावर यावी. आता तरी लिही.

ताई


१८ फेब्रुवारी

ताई,

आज पहाटे आलो. तुझी तिन्ही पत्रं दाराखालून आत सरकवलेली होती. उभ्यानंच वाचली. मग फोन लावायला घेतला, नंबर काढला, पण काय बोलायचं ते सुचेना. म्हणून लिहितोय. मला तुझ्यासारखं लिहिता येत नाही, लिफ्ट का अडकली एवढंच लिहायची सवय आहे.

मी ठीक आहे. श्वास नीट आहे.

डबे उघडले. मी नाही, घरमालकीणबाईंनी. त्यांना बाहेर अंगणात बसवलं आणि मी खोलीच्या खिडकीत, आत उभा राहिलो. पार्सलच्या शिक्क्यांवरून डबे क्रमानं लावले होते. त्या प्रत्येक डब्यातलं एक बिस्कीट काढायच्या, मोडायच्या आणि खिडकीकडे धरून मला दाखवायच्या. मला एकदम लहान झाल्यासारखं वाटलं, आई अशीच एक मोडून खिडकीकडे धरायची आणि म्हणायची, हिरवं आहे, खा.

पहिला डबा हिरवा. बाई म्हणाल्या, "अहो, हे नासलंय." मी म्हटलं, नाही, ते बरोबर आहे. दुसरा हिरवा. तिसरा हिरवा. असे बरेच हिरवे निघाले. मी भांडून आल्यावर लगेच पाठवलेला तर गडद हिरवा होता, सोडा जास्त पडला असेल. रागात असली की तिचा हात सुटतो.

मग एक डबा असा निघाला की वर पांढरं. मी म्हटलं, खालचं काढा. खालचं हिरवं. मी त्यांना सगळी मोडायला लावली. वरचे थर पांढरे, खालचे हिरवे, मधे कागद. तू नेहमी पहिला घाणा खाली भरतेस आणि दुसरा वर. म्हणजे एकाच दिवशीचे दोन घाणे. पहिला भट्टीत गेला तेव्हा मी तिला माहीत होतो. दुसऱ्याचं पीठ मळताना नव्हतो.

त्याच्या पुढचे सगळे पांढरे.

ताई, गेल्या हिवाळ्यातला डबा आहे तो. मी तो तेव्हा उघडला असता तर वरचंच पहिलं तोंडात टाकलं असतं, न बघता. तुझं बरोबर आहे, तिच्या हातचं मी बघत नाही. म्हणजे कदाचित मेलो असतो. आणि मोडून बघितलं असतं, तर आईचं काय होतंय ते मला तेव्हाच कळलं असतं, ती पूर्ण जायच्या आधी. सकाळपासून मी या दोन गोष्टी डोक्यात वरखाली करतोय. काही ठरत नाही.

मी म्हणालो होतो की मी पथ्य आहे. आज वाटलं, पथ्य तरी होतो. आता ते घर माझ्याबिनाचं आहे.

पहिल्या डब्यातलं एक खायला घेतलं होतं. बाईंनी हात धुतले नव्हते, म्हणून परत ठेवलं. रविवारी येतो. तुझा नंबर चालू केलाय.

बारक्या


२० फेब्रुवारी, सकाळ

बारक्या,

फोनवर आपण दोघं नुसतं हूं हूं करत बसलो, म्हणून हे लिहिते. रविवारच्या आत मिळेल. काही गोष्टी तुला दारात उभा असताना कळू नयेत.

बदाम घरातून गेले. दुकानातल्या सुनेला सांगितलंय, आई आल्या की साखरेची पुडी द्या आणि गोड बोला. दाजींनी स्वयंपाकघर इतकं घासलंय की फडताळाचा रंग निघाला. भांडी उकळली, चाळणी नवीन आणली, लाटणंसुद्धा नवीन. ते म्हणाले, त्याला सांग की चहात बुडवायच्या आधी मी आता आत बघतो.

काल मी बिया कुटून पीठ मळलं. आयुष्यात पहिल्यांदा मळलं, बाजूला आई होती. तिला तोंडानं काही सांगता येईना, पण माझा हात चुकला की ती माझं मनगट धरून थांबवायची. बियांची पूड तिनं बोटांत घेऊन चोळली आणि म्हणाली, "ही कुठली पूड?" मी म्हटलं, आपली. ती हो म्हणाली. आज सकाळी मी एक मोडलं तर आत हिरवंगार. मला इतका आनंद झाला की बशी भरून मी टेबलावर ठेवली आणि तुला फोन करायला आत गेले.

परत आले तेव्हा आई टेबलापाशी उभी होती. तिनं एक उचललं होतं. मोडलं. आत बघितलं, अगदी तश्शीच, खिडकीकडे धरून. मला वाटलं, आता म्हणेल. आता म्हणेल, हिरवं आहे, खा.

तिचा चेहरा पांढरा पडला. तिनं दुसरं मोडलं, तिसरं मोडलं. मग पूर्ण बशी उचलली आणि कचऱ्याच्या डब्यात उपडी केली. मी ओरडले, आई, काय करतेस? मी लहानपणी चुलीजवळ गेले की बघायची तसं तिनं माझ्याकडे बघितलं. "बुरशी आलीय, दिसत नाही का तुला?" म्हणाली. "लेकराच्या पोटात गेलं म्हणजे?"

मी विचारलं, कुठल्या लेकराच्या?

ती थांबली. बोटं हवेत अशी धरलेली, दोन अर्धी धरावीत तशी. मग चिडून म्हणाली, "कुठल्या काय विचारतेस? त्याला काही बाधलं म्हणजे?" तेवढंच म्हणाली. त्याला. मी बाई आहे, बारक्या, आणि बाबांना ती कधी लेकरू म्हणाली नाही.

मग ती कचऱ्याच्या डब्यावर झाकण ठेवून त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली. कुणी त्यातलं काढून खाईल म्हणून. अजून तिथंच बसली आहे. मी इथून लिहिताना मला तिची पाठ दिसतेय.

तेव्हा रविवारी तयार राहा. ती तुला ओळखणार नाही. तुझ्यासाठी ठेवलेलं सगळं ती तुझ्यादेखत फेकून देईल. त्या केकसारखं लावून घेऊ नकोस. तिलाही घेऊन ये, त्या पोरीला, तिनं अजून तुला सोडलं नसेल तर.

दुसरा घाणा मी पांघरुणांच्या कपाटात, अगदी तळाशी लपवलाय. आलास की आधी मला हाक मार. मी हात धुऊन येईन, एक मोडेन आणि तुला दाखवीन. बघून घे, मग खा.

ताई